दोन्ही चिठ्ठ्यांवर दोनशे ऐंशी

बाबा, दुसरी चिठ्ठी सापडली. तुमच्या इंजिनाच्या वहीत, मागच्या पुठ्ठ्याला तुम्ही खळीने चिकटवलेलं ते खाकी पाकीट आहे ना, त्यात दोन्ही होत्या. एक उघडलेली, कोपऱ्यावर कुंकवाचा डाग पडलेली. ती मी उचललेली. दुसरी अजून तशीच, सुरळी करून वर दोरा गुंडाळलेला. न उचललेली चिठ्ठी उघडायची नसते, ती निर्माल्याबरोबर जाते, देवाने जे दिलं नाही त्यात नाक खुपसायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी खुपसलं. दोरा सोडवला आणि सुरळी उलगडली. तुमच्या त्या टपोऱ्या, फाइलीवर शेरा मारायच्या अक्षरात लिहिलं होतं, २८०. मग खात्री करायला पहिली पुन्हा पाहिली. तिच्यावरही २८०. शनिवारच्या भर दुपारी नोएडातल्या फ्लॅटमध्ये, माळ्यावरून काढलेल्या ट्रंकेशेजारी फरशीवर बसून मी त्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या आणि सेहेचाळीस वर्षांची बाई असून मोठ्याने तुम्हाला शिवी दिली. आई आतून म्हणाली, "काय गं, बोट चेमटलं का?"

रागावून लिहिते आहे, तेव्हा क्रम चुकला तर चुकू दे. पण आधी हे सांगते की तुम्ही मला इंजिन शिकवलंत, आणि फार चांगलं शिकवलंत, आणि म्हणूनच राग जास्त आहे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आत्याने विचारलं होतं, "दादा, हा कॅमशाफ्ट म्हणजे असतं तरी काय?" तुम्ही आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलंत. त्याला कणकेचा एक गोळा चिकटवलात, वर पालथा चमचा धरलात आणि लाटणं फिरवायला लागलात. गोळा वर आला की चमचा उचलला जायचा, गोळा खाली गेला की चमचा खाली. "हा चमचा म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनाचं नाक," तुम्ही म्हणालात. "गोळा रुंद केला तर नाक जास्त वेळ उघडं राहील, उंच केला तर जास्त उघडेल. इंजिनाने श्वास कधी घ्यायचा, किती घ्यायचा, सगळं या दांडीवर." आत्या म्हणाली, "आणि पोळ्या कशावर लाटायच्या?" मी मात्र तो चमचा बघत राहिले. त्यानंतर इतक्या शिक्षकांनी मला कॅम शिकवला, पण अजून तो शब्द ऐकला की मला आधी कणीकच दिसते.

रविवारी सकाळी आपली जुनी गाडी ब्लॉकच्या बाजूला कडुनिंबाखाली उभी असायची. बॉनेट उघडलं की वरच्या मजल्यावरचे बंगाली काका बाल्कनीतून हाक मारायचे, "अरे भाई, फिर खोल दिया?" सरकारी कॅलेंडरच्या पाठीवर तुम्ही तीनशे साठ अंशांची गोल चकती आखली होती. ती इंजिनाच्या पुढच्या पुलीला लावायची, कपड्याच्या हँगरची तार वाकवून तिचा काटा करायचा, आणि व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते मोजायला त्यावर डायल गेज. तुम्ही पान्याने इंजिन हळूहळू फिरवता आहात, मी उकिडवी बसून काटा बघते आहे. "दहा," मी म्हणते. "बोल," तुम्ही म्हणता. मी डायलवरचा आकडा वाचते, तुम्ही वहीत उतरवता. मग वीस, मग तीस. अख्खी सकाळ अशी जाते आणि शेवटी वहीत एक गुळगुळीत टेकडी उभी राहते, कॅमची टेकडी. मला तेव्हा मैत्रिणी नव्हत्या अशातला भाग नाही, पण रविवारी मी कुठेही जायची नाही. पान्यावर तुमचा हात, वहीत तुमचं अक्षर, आणि आकडा मात्र माझ्या तोंडचा. एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता माझ्यावर.

मग ते काका. आत्याचे यजमान. पुण्याला त्यांनी नवीकोरी छोटी गाडी घेतली होती आणि प्रत्येक पत्रात तिचं कौतुक असायचं. मे महिन्यात ते दोघं दिल्लीला येणार आणि आपण सगळे तुमच्या गाडीने मसुरीला जाणार असं ठरलं, तेव्हा फोनवर ते म्हणाले, "तुमचा डबा चढेल का हो घाट?" आणि तुम्ही, एरवी ऑफिसात चार सह्या झाल्याशिवाय पेन्सिलीची मागणीही पुढे न सरकवणारे तुम्ही, म्हणालात, "तिसऱ्या गिअरमध्ये चढेल. बघाच." त्याच आठवड्यात तुम्ही काश्मिरी गेटला जाऊन एका उस्तादाकडून दुसरा कॅमशाफ्ट घासून आणलात. रॅलीच्या गाडीचा नमुना तुम्हाला कुणी मित्राने मिळवून दिला होता. गाडीतला मूळचा कॅम दोनशे चाळीस अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढे अंश उघडा राहणार. हा नवा दोनशे ऐंशीचा. जेवणाच्या टेबलावर दोन लाकडी खाचांत तो ठेवून आपण मोजला. मेणकापडावर तेलाचा डाग पडला म्हणून आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

मोजून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता तू सांग, ताकद किती वाढेल?" तुम्हीच विचारलंत, बाबा. मी आपण होऊन लुडबुड केली नव्हती. मी तीन दिवस बसले. शाळेतून आल्यावर ग्राफपेपर पसरून. साधी गोष्ट दिसत होती. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह काही वेळ उघडाच असतो. जुन्या कॅमला तो बंद होईपर्यंत पिस्टन सातवा हिस्सा वर आलेला असायचा. नव्याला जवळजवळ तीन दशांश. इंजिन जोरात फिरत असेल तर हवा स्वतःच्या वेगाने आत घुसत राहते आणि हा उशीर फायद्याचाच ठरतो. पण हळू फिरत असेल तर पिस्टन आलेली हवा आल्या वाटेने परत ढकलून देतो. मी दोन रेघा काढल्या, जुन्या कॅमची निळी, नव्याची हिरवी. मिनिटाला बत्तीसशे फेऱ्यांच्या आसपास त्या एकमेकींना छेदत होत्या. त्याच्या वर हिरवी छान चढत होती. त्याच्या खाली निळी वर आणि हिरवी खाली, पाचवा हिस्सा ताकद गेलेली. आणि घाटात आपली भरलेली गाडी बत्तीसशेच्या वर जाणार कधी? मी कागद तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलात. मला वाटलं, आता चूक काढतील, किंवा शाबासकी देतील. तुम्ही दोन्हीतलं काहीच केलं नाहीत. म्हणालात, "तुला अजून इंजिन कळायचंय. कागदावर सगळंच बंद पडतं." आणि कागद घडी करून वहीत ठेवून दिलात.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी विसरले असते. सोळा वर्षांच्या मुलीला बापाने गप्प केलं, यात नवल काय. पण तुमच्या मनात कुठेतरी तो कागद टोचत असणार. कारण शनिवारी सकाळी तुम्ही अंघोळ करून सोवळं नेसून देवासमोर बसलात आणि म्हणालात, "चिठ्ठ्या टाकू." आजोबांपासूनची आपल्या घरची रीत. दोन वाटा असल्या आणि मन ठरत नसलं की दोन चिठ्ठ्या लिहायच्या, देवासमोरच्या फुलपात्रात ठेवायच्या आणि घरातल्या मुलीने डोळे मिटून एक उचलायची. आपल्या घरात मुलगी मी एकटीच. मी खूश झाले होते, हे आज लिहितानाही लाज वाटते. मला वाटलं, माझ्या कागदाला तुम्ही निदान अर्धी जागा दिलीत. जुना कॅम आणि नवा कॅम, दोघांना देवाच्या दारात सारखा मान. मी हात जोडून मनात म्हटलंसुद्धा, देवा, निळी रेघ दे. आणि उचलली. तुम्ही उघडून वाचलीत, "दोनशे ऐंशी," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात मला अजून आठवतो. काय हिंमत होती हो तुमची, त्याच हाताने दोन्ही चिठ्ठ्या लिहून वर तोच हात डोक्यावर ठेवायची?

देहरादून मागे पडलं आणि रस्ता वळायला लागला. गाडीत आपण पाच जण, वर टपावर सामान, आणि मे महिन्याचं ऊन. सपाटीवर गाडी खरंच भन्नाट पळाली होती, काकांनीही मान डोलावली होती. पहिल्या उभ्या वळणावर तुम्ही तिसरा सोडून दुसरा घेतलात, मग पहिला. गाडी घरघरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केलीत, क्लच दाबून धरून इंजिन किंचाळवलंत, तेव्हा ती चार हात गेली. जळक्या क्लचचा वास आला. मग आई उतरली, आत्या उतरली, मी उतरले. तुम्ही गाडी नेट लावून पुढे काढताय, आम्ही मागून चालतोय, आणि ती थांबली की मी पळत जाऊन चाकामागे दगड लावतेय. दर वळणाला तोच दगड, मी उचलून आणतेय. मागे एका बसचा ड्रायव्हर खाली उतरला, गाडीकडे बघून म्हणाला, "बाबूजी, पहाड में ताकत नीचे चाहिए, ऊपर नहीं." माझे तीन दिवसांचे ग्राफपेपर त्याने एका वाक्यात सांगितले, आणि त्याचं तुम्ही मान डोलावून ऐकून घेतलंत. "सही कहा भैया," असंही म्हणालात.

त्यावर काका हसले. रुमालाने वारा घेत म्हणाले, "काय हो, तिसऱ्या गिअरमध्ये चढणार होती ना?" आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "काय करणार? देवासमोर दोनशे चाळीसही ठेवला होता की. हिच्या हाताला दोनशे ऐंशीच लागला." आत्या लगेच म्हणाली, "हिच्या हाताला यशच नाही गं बाई." सगळे हसले. आईही हसली, थोडी. मी तो दगड हातात धरून उभी होते. मला रडू आलं ते दगडाच्या वजनाने, असं समजून आईने तो माझ्याकडून काढून घेतला.

बाबा, हे एकदाच झालं असतं तर मी घाटातली चिडचिड म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही त्याचा किस्सा केलात. कॉलनीच्या गणपतीत, सत्यनारायणाला, पुण्याच्या लग्नांत. "आमच्या मुलीने चिठ्ठी उचलली आणि आम्ही मसुरीला गाडी ढकलत गेलो." माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलात, मांडवात, माझ्यासमोर. मला इंजिनांच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना म्हणालात, "बघ हो, तिथे चिठ्ठ्या टाकू नकोस!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. घरात पुढे चिठ्ठी उचलायला आत्याच्या मुलीला बोलवायला लागलात. आणि मी, जिने निळी रेघ बरोबर काढली होती, ती मी, मनातून मानून बसले की माझ्या हाताला यश नाही. हसू नका. आज वीस वर्षांहून जास्त काळ मी या धंद्यात आहे, इंजिन बनण्याआधी कॉम्प्युटरवर त्याची ताकद किती येईल ते सांगते, आणि शेवटचं रन, म्हणजे ते अखेरचं गणित, सुरू करायचं बटण मी कधीही दाबत नाही. शेजारच्या कुणाला तरी म्हणते, "जरा लाव गं." सगळ्यांना वाटतं, मॅडम ज्युनियर लोकांना संधी देतात.

आता, मी ती वही शनिवारी काढली कशाला, हेही सांगायला हवं. सध्या आमच्याकडे एका छोट्या मालवाहू गाडीच्या इंजिनासाठी कॅम निवडायचा आहे. दिवसभर सोसायट्यांच्या गेटवर थांबत, पार्सलं देत फिरणारी गाडी. दोन कॅम समोर आहेत, एक कमी अंशांचा, एक जास्त. अर्थातच मी कमी अंशांच्या बाजूची. मी गेली वीस वर्षं दर वेळी कमी अंशांच्या बाजूचीच असते, हे माझ्या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम ने देख लिया ना? बस, तो मंगलवार को फ्रीझ करते हैं." एकदा कॅम फ्रीझ झाला की त्याचे साचे बनायला जातात, मग पाच-सात वर्षं तोच. शुक्रवारी माझ्या टीममधली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. पुण्याची, सव्वीस वर्षांची, दिल्लीत दीड वर्ष झालंय, अजून ऑटोवाल्याशी भांडताना मराठीत शिरते. म्हणाली, "मॅम, एक विचारू? शॉर्ट कॅमचं टायमिंग आपण पुढेमागे फिरवून बेस्ट पॉइंट काढला. लाँगवाला मात्र एकाच जागी ठेवून रन केलाय. त्याला पण फिरवून बघूया ना? माझ्या हिशोबाने आठ अंश पुढे घेतला तर व्हॉल्व्ह लवकर बंद होतो, खालची ताकद परत येते आणि वरची पण बऱ्यापैकी राहते." तिने कागदावर पेनाने एक रेघ काढून आणली होती.

मी काय म्हणाले असेन? तुम्हाला ओळखू येईल. मी म्हणाले, "तुला अजून इंजिन कळायचंय." ती "ओके मॅम" म्हणून गेली, कागद माझ्या टेबलावरच राहिला. मला आपलं वाक्य आपल्याला ऐकूही आलं नाही. उलट घरी जाताना गाडीत मी ठरवलं की तुमची वही काढायची, माझा तो निळ्या-हिरव्या रेघांचा कागद तिच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, हे बघ, लांब, म्हणजे जास्त अंशांच्या कॅमने घाटात काय होतं ते मी सोळाव्या वर्षी सांगितलं होतं. म्हणून शनिवारी ट्रंक उघडली.

कागद सापडला. वहीतच होता, घडीवर पिवळा पडलेला. पण त्यावर माझ्या हिरव्या रेघेच्या अंगाअंगाने तांबड्या पेन्सिलीचे ठिपके होते. नऊ ठिपके. शेजारच्या पानावर तुमची नोंद, मसुरीहून परतल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची. सकाळी रिंगरोडवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पळवून, स्टॉपवॉचने किती सेकंदांत किती वेग वाढतो ते मोजून, त्यावरून ताकद काढलेली. एकटे गेला होतात. मला उठवलं नव्हतंत. नऊपैकी आठ ठिपके माझ्या रेघेवर, एक किंचित वर. आणि खाली? काही नाही. 'बरोबर' नाही, 'ठीक' नाही, टिकमार्कसुद्धा नाही. फाइलीवर रोज पन्नास शेरे मारणाऱ्या माणसाला मुलीच्या कागदावर एक शब्द जड झाला? पुढच्याच आठवड्यात तुम्ही जुना कॅम परत बसवलात. मी विचारलं तर म्हणालात, "टॅपेटचा आवाज यायला लागला होता." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी बरोबर होते हे माहीत होतं, चिठ्ठी लबाडीची होती हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही त्यानंतर चौदा वर्षं, अगदी जाईपर्यंत, तो किस्सा सांगत राहिलात. दुसरी चिठ्ठी निर्माल्यात टाकली नाहीत, ती का, हे मला अजून कळलेलं नाही. आई निर्माल्य निवडून तुळशीत घालायची, तिच्या हाती लागेल म्हणून? की टाकवली नाही? काही असो. मला या वयात त्याचं कौतुक करायचं नाही.

मी दोन्ही चिठ्ठ्या नेऊन आईपुढे टाकल्या. ती मटार सोलत होती. तिने चष्म्यातून पाहिलं आणि शेंग सोलत राहिली. "अगं, ते नेहमीच तसं करायचे."

"नेहमी म्हणजे?"

"पुण्याला बदली घ्यायची की दिल्लीतच राहायचं, तेव्हाही दोन्हींवर दिल्लीच होतं. तूच उचलली होतीस, पाच वर्षांची होतीस."

"आणि तुला माहीत होतं?"

"मला पण दिल्लीच हवी होती," आई म्हणाली. "चिठ्ठी टाकून कोणी खरंच विचारतं का देवाला? मन घट्ट करायला टाकतात. पुरुषमाणसाला ठरवलेलं सांगता येत नाही, मग देवाच्या तोंडून वदवतो." मग तिने शेंग खाली ठेवली. "घाटात तुझ्यावर घातलं ते मात्र चुकलंच त्यांचं. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, तिला सांगा. ते म्हणाले, सांगतो." आणि पुन्हा मटार.

सांगतो! रविवारभर तो एक शब्द माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. मी आईवरही चिडले, भाजी अळणी झाली म्हणून उगाच बोलले. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "जाने दो यार, कितनी पुरानी बात है." त्याच्यावरही चिडले. अन्याय जुना झाला की त्याची धार जाते असं ज्यांना वाटतं त्यांनी दगड उचललेला नसतो. दोन चिठ्ठ्या टाकायच्या, दोन्ही आपल्याच लिहायच्या, आणि वर म्हणायचं, बघा, मी तर दोघांनाही संधी दिली होती. माझ्या रागाचं मूळ तेच होतं. हे मी सोमवारी सकाळी गाडी चालवताना असंच्या असं मनात म्हणत होते, आणि फिल्म सिटीच्या सिग्नलला मला मागच्यांनी तीन वेळा हॉर्न दिला तरी मी हलले नाही. कारण तेवढ्यात मला आमच्या मीटिंगसाठी केलेल्या माझ्या दोन स्लाइड्स दिसल्या. कमी अंशांचा कॅम, टायमिंग फिरवून फिरवून सर्वात चांगल्या जागी बसवलेला. आणि जास्त अंशांचा कॅम, जसा आला तसा, एकाच जागी. दोघांनाही संधी दिलेली. साहेबांनी डोळे मिटून कुठलीही उचलली असती तरी निघाला माझाच असता.

मी ते मुद्दाम केलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण मग तुम्हीही म्हणाल, मीही नव्हतं केलं. आज लंचला सगळे खाली गेले तेव्हा मी जागेवरच राहिले. लांब कॅम आठ अंश पुढे घेतला, त्या मुलीने म्हटलं होतं तसा. आणि रन लावलं. शेजारी कोणी नव्हतं, तेव्हा बटण मीच दाबलं, माझ्या या यश नसलेल्या हाताने. वीस मिनिटांनी निकाल आला. तिचा कागद माझ्या टेबलावर होताच, त्याच्यावर मी एकेक आकडा उतरवत गेले. खालची ताकद परत आली होती. माझ्या कॅमपेक्षा केसभर कमी, आणि वर बरीच जास्त. ठिपके तिच्या रेघेवर बसत होते. शेवटचा ठिपका दिल्यावर माझ्या लक्षात आलं की हातातलं पेन लाल आहे. मी खाली काही लिहिलं नाही. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, किल्ली फिरवली आणि कँटीनमध्ये जाऊन जेवले. ती शेजारच्याच टेबलावर होती. तिने मला तिच्या डब्यातली लसणाची चटणी दिली. मी घेतली, छान झाल्येय म्हणाले, आणि बाकी काही बोलले नाही.

आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून ठेवते. पण यामुळे तुमचं काही माफ झालं असं समजू नका. मी तुमच्यावर अजून तेवढीच रागावलेली आहे, उलट थोडी जास्तच, कारण लबाडीसुद्धा तुम्ही मला इतकी नीट शिकवलीत की करताना कळली नाही. हे पत्र त्या खाकी पाकिटात दोन्ही चिठ्ठ्यांबरोबर ठेवणार आहे. दुसरीला परत दोरा गुंडाळलेला नाही. लांब कॅमच्या निकालाबद्दल मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही, साहेबांना नाही, तिला नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे, आणि तुम्ही काही बोलू शकत नाही म्हणूनच सांगते आहे, हेही खरं. उद्या अकराला मीटिंग आहे. ती पावणेअकराला येते, डबा फ्रीजमध्ये ठेवते, पाण्याची बाटली भरते आणि माझ्या टेबलावरून जाताना गुड मॉर्निंग म्हणते. म्हणजे माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत. तुमच्याकडे चौदा वर्षं होती.